पाट की पाल?

पोर्ट लुईच्या बंदरावर दगडी पायऱ्या आहेत, त्या सोळा. आप्रवासी घाट म्हणतात त्याला. मॉरिशसमधली गुलामगिरी १८३५ साली उठली; पण ऊस काही थांबायला तयार नव्हता. म्हणून १८३४ पासूनच करारावर हिंदी मजूर आणायला सुरुवात झाली. १९२० च्या सुमारापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून सुटलेल्या गलबतांत आपले कोकणही होते.

माझे यजमान त्या कोकणाचे पणतू. मराठीचे निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना गुरुजी म्हणे आणि ते, वयाचा विचार न करता, मला 'सर' म्हणत. मराठी ते बैठकेत शिकले. घरात मात्र क्रिओल. त्यांचे आडनाव म्हणजे खरे तर पणजोबांचे पाळण्यातले नाव. कारकुनाने ते लिहून घेतले आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटले. मूळ आडनाव त्या भानगडीत हरवले.

गुरुजींना गाव हवे होते. त्यासाठी त्यांनी दोन वर्षे खर्ची घातली. स्वतःच्या जन्मदाखल्यावरून वडिलांचा, वडिलांच्यावरून आजोबांचा, अशी शिडी उतरत गेले. अखेर एका दाखल्यावर पणजोबांचा क्रमांक सापडला. इथे माणसाला नावापेक्षा क्रमांकाने शोधणे सोपे! तो घेऊन आम्ही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेलो. आप्रवाशांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत.

नोंदीची प्रत समोर आली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण. छायाचित्रही होते. डोक्याला मुंडासे, आणि नजर अशी की, छायाचित्रकारावर रागावलेली असावी. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जातीच्या रकान्यावर त्यांनी अलगद तळहात ठेवला.

"तेवढं वाचू नका, सर. माझ्या नातवंडांना ते ठाऊक नाही. बरंच आहे."

मी मान हलवली आणि गावाच्या रकान्याकडे वळलो. गुरुजींनी मला सोबत आणले होते ते याचसाठी. मी सावंतवाडीकडचा, साहेबाच्या अक्षरातले कोकण मला ओळखू येईल, असा त्यांचा भरवसा. जिल्हा रत्नागिरी, हे स्पष्ट होते. गावाचे पहिले अक्षर 'प', पुढे 'आ'. शेवटचे अक्षर मात्र इंग्रजी 'टी' की 'एल', कळेना. शाई फुटलेली. आडवी रेघ होती की डाग? रेघ असेल तर पाट. ते आज कुडाळ तालुक्यात आहे. नसेल तर पाल, ते वेंगुर्ल्यात. दोन्ही गावे मी पाहिली आहेत. पाटला मोठे तळे आहे, हे मी सांगताच गुरुजींचा चेहरा उजळला.

"आजी तळ्याचं बोलायची," ते म्हणाले. आणि क्षणभराने, "पण तळं कुठल्या गावात नसतं?"

मी भिंग मागवले. पंधरा मिनिटे खटपट केली. एम.ए.ला मोडीची हस्तलिखिते वाचल्याची घमेंड त्या एका रेघेपुढे चालली नाही. खोटे बोलून 'पाट' म्हणावे, असे मनात येऊन गेले. म्हातारा सुखी झाला असता. पण ज्याने दोन वर्षे एकेका दाखल्याची खातरजमा केली, त्याला अंदाज कसा द्यायचा?

"गुरुजी, नक्की सांगता येत नाही."

त्यांनी प्रत घडी घालून खिशात ठेवली. परतताना बसमध्ये, दोन्ही बाजूंना ऊस, आणि ते हिशेब करत होते.

"तुमच्याकडे ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात ना?"

"घालतात."

"मग दिवाळीत गावी जाल तेव्हा दोन्हीकडे घाला. नारळाचे पैसे मी देतो. दोन नारळांचे."