तोंड बघून

देवाने मला चेहरा दिला तो तेराव्याला बसलेल्या माणसाचा. मनात उकळ्या फुटत असल्या तरी समोरचा विचारणार, "काय व्हयनं रे भाऊ?" लग्नात वधूपिता माझ्या पानाजवळ दोनदा येऊन जातो, काही राहिलं का म्हणून. जिलबी मात्र जास्त मिळते.

खान्देशात खरी समता आणतो तो मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकला की जळगावच्या रस्त्यावर चेहरे उरतच नाहीत. रुमाल, ओढणी, उपरणं, वरून गॉगल. देखणा, कुरूप, सावकार, कर्जदार, सगळे सारखेच. त्यातूनही कुणी हाक मारलीच, तर तो सावकार समजावा.

लपलेलं सगळं हिवाळ्यात बाहेर पडतं, भरिताच्या पार्टीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी. धुळ्याहून आलेला पाहुणा हार मानत नाही. कपाळावर घाम, नाकाला धार, कान लालबुंद, आणि तोंडाने, "आमच्याकडे याच्यापेक्षा झणझणीत असतं!"

पण चेहरा वाचावा तो आमच्या मावशीने. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नाक, कुंकू, नथ. सगळं लेवून झालं की मावशी मागे सरकते, मान तिरकी करते. "औंदा बाई रुसेल दिसस." रोट भाजणाऱ्या बायका हातातलं टाकून बघायला येतात. सगळ्यांनाच ती रुसलेली दिसते. मावशी नथ बोटभर सरकवते. "आते हासनी!" आणि खरंच, नारळ हसतो. रुसवा नारळात नव्हताच, हे तिथे कुणी बोलत नाही. मीही नाही, रोट मिळायचे असतात.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) हे उलट्या स्वभावाचे. स्टेशनजवळच्या बंगल्यातून ते वर्षानुवर्षं जवळजवळ बाहेरच पडले नाहीत. बंगल्याला नाव दिलं रेम्ब्राँचं, ज्याने तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत स्वतःचंच थोबाड पुन्हा पुन्हा रंगवलं. मूसांची व्यक्तिचित्रं पाहिली की वाटतं, चेहरा बघायला सवड लागते आणि ती या माणसाकडे भरपूर होती. आपण नथ सरकवून मोकळे होतो.

त्या घराचं आता संग्रहालय झालंय. धुळ्याच्या गाडीसाठी चाळीसगावला उतरलात आणि हाताशी वेळ असला, तर फलाटावर ताटकळत बसू नका. तेवढ्यात बघून या.