आकडा सारखा, फोटो अर्धा

“दोन्हीकडे आकडा सारखाच आहे ना, मग आणखी काय पाहिजे?” कल्याणच्या एका दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

मी वैशाखऱ्याचा. पावसाळ्यात नाणेघाटाला येणारे ट्रेकर आणि उन्हाळ्यात लग्नं, या दोघांचे फोटो काढतो. जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून सगळं नव्या डिस्कवर उतरवायला दिलं. दुकानदारानं प्रॉपर्टीज उघडून दाखवलं: फायली तेवढ्याच, एकूण साइजही बाइटपर्यंत तीच. वर “जुनी फॉरमॅट करून देऊ?” असंही विचारलं. नको म्हणालो, ते बरं झालं.

घरी भाचा म्हणाला, “मामा, आकड्यावर जाऊ नका.” त्यानं लिनक्सवर ‘डिफ -आरक्यू’ लिहून पुढे दोन्ही फोल्डरांची नावं दिली. डिफ ही फायली ताडून बघणारी कमांड, १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेली. आर म्हणजे आतल्या प्रत्येक फोल्डरात शिर. क्यू म्हणजे तपशील नको, फक्त वेगळ्या फायली सांग. मग ती बाइट न् बाइट ताडून बघते. रात्र गेली, आणि एका लग्नाच्या फायलींपुढे ‘डिफर’ उमटू लागलं. उघडल्या तर वर मुंडावळ्या, खाली राखाडी पट्टा. कॉपी करताना अनेकदा आधी पूर्ण साइजची जागा अडवली जाते. मजकूर मध्येच तुटला तरी साइज पुरी दिसते.

दुकानात गेलो, तर त्यानं पुन्हा प्रॉपर्टीजच उघडली! म्हणे, “फोटोच तसा निघाला असेल.” जुन्या डिस्कवरचा तोच फोटो शेजारी उघडला. नवरी पायापर्यंत दिसत होती. तरी म्हणतो, “साइज बघा ना.” गिऱ्हाईक गावाकडचं म्हणून हे चालतं, असं माझं मत आहे.

शेवटी त्यानं त्या लग्नाचं ‘वऱ्हाड’ नावाचं फोल्डर परत उतरवून दिलं. घरी डिफ लावली, तर ते अख्खं फोल्डर दोन्हीकडे ‘ओन्ली इन’! माझा पारा चढला. पण या वेळी त्याचा दोष नव्हता. नवं फोल्डर करून नाव त्यानं हातानं टाइप केलं होतं. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, कुठे साधा ‘र’ आणि न दिसणारी जोडणी. वाचायला सारखं, संगणकाला वेगळं. त्या दोन फोल्डरांचेच पत्ते देऊन डिफ चालवली. एक ओळही आली नाही, म्हणजे सगळं जुळलं. राग मात्र गेला नाही.

विंडोजवरची कॉपीची कमांड रोबोकॉपीही एरवी साइज आणि वेळच बघते. आरसिंक या कॉपीच्या कमांडचंही तेच, तिला -सी दिलं तरच ती आतला मजकूर तपासते. फोटोवाल्या मित्रांनो, डिफ नाहीतर आरसिंक -सी चालवल्याशिवाय जुनी डिस्क कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका.