त्या चोराचे नाव काय?

यंदा मराठीच्या तासाला श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा चर्चेला आली, आणि तिच्यावरून निघालेल्या 'अर्धसत्य' या चित्रपटाचे कसे स्वागत झाले यावर सरांनी निबंध लिहायला सांगितले. मी उत्साहाने टिपणे काढली. 1983 चा चित्रपट, दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रामा शेट्टी झालेले आपले सदाशिव अमरापूरकर तर रातोरात हिंदीत गाजले. 'जंजीर'मधला इन्स्पेक्टर चिडतो आणि जिंकतो, वेलणकर मात्र आतून मोडत जातो, हे समीक्षकांनी बरोबर हेरले होते.

आमचे आजोबा निवृत्त पोलीस शिपाई. आमची खोली रे रोडला, दारूखान्याच्या अंगाला. "दिवसभर पोलीस, वर तिकीट काढून पुन्हा पोलीसच बघायचा?" म्हणून त्यांनी तेव्हा हा चित्रपट पाहिला नव्हता. परवा दोघांनी मिळून पाहिला. वेलणकरने शेट्टीचा गळा आवळला तेव्हा मी टाळी वाजवली. आजोबा गप्प. ते मागेच अडकले होते. डाकू पकडल्याचे श्रेय दुसऱ्याला जाते, वेलणकर पितो, आणि तो राग निघतो एका बारक्या रेडिओचोरावर. चोर कोठडीत मरतो. मग नोकरी वाचवायला साहेब शेट्टीच्याच दारात!

"त्या चोराचे नाव काय होते रे?" आजोबांनी विचारले.

मला सांगता येईना. टिपणे चाळली. वेलणकरची घुसमट, बापाचा मार, सडलेली यंत्रणा, सगळ्यावर परिच्छेदच्या परिच्छेद होते. चोराला एक ओळ. तीही मीच लिहिलेली; इतरांना कशाला नावे ठेवू?

बऱ्याच वेळाने आजोबा आपणहून बोलू लागले. फुटलेल्या बोटीचे पितळ उचलले म्हणून दारूखान्यातला एक पोरगा चौकीत आणला होता. साहेब आत होते. "मी दाराशी उभा होतो. पहाऱ्याला." पोरगा जगला, पण डाव्या कानाने त्याला पुढे ऐकू येईना. "स्टेशनाच्या पुलावर भेटायचा. मलाच सलाम करायचा."

मी त्याचे नाव विचारले. आजोबांनी ते बापाच्या नावासकट सांगितले.