पाच घरांचा सिलिंडर

कोल्ट कंपनीचं १८७३ सालचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर व्यवहारातून केव्हाच बाद झालं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. रिकामी काडतुसं बाजूच्या झडपेतून एकेक ढकलून काढायची आणि नवी एकेक भरायची. लष्कराने आणि पोलिसांनी त्याचा नाद सोडून जमाना लोटला. तरीही कारखान्यातून आलेलं असलं रिव्हॉल्व्हर कारागिराकडे पाठवून वर्ष-दोन वर्षं वाट बघणारे, आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट मजुरी मोजणारे लोक इथे अमेरिकेत आहेत. मी त्यांच्यातलाच. पुण्याच्या टूलरूममध्ये कानस धरायला शिकलो, पोटापाण्यासाठी वायोमिंगला आलो आणि इथे या वेडात सापडलो. शिकार मी करत नाही. लोखंडी पाट्यांवर नेम धरतो, आणि घरी आल्यावर निम्मा वेळ भिंगातून खाचा बघत बसतो.

पाहुण्यांना आधी हस्तिदंती मूठ दिसते, निळं-तपकिरी पाणी चढलेली फ्रेम दिसते. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या पेटीत फ्रेम लाल करून पाण्यात सोडली, की पोलादावर ते ढगाळ रंग उमटतात. दोन फ्रेमवर एकसारखे कधीच येत नाहीत. सुंदर दिसतं, कबूल. पण माझे पैसे त्यासाठी गेलेले नाहीत.

ते गेले सिलिंडरवर. कारखान्यात फ्रेम एका यंत्रावर होते, सिलिंडर दुसऱ्यावर, नळी तिसऱ्यावर. प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत बसतो, पण एकत्र जोडल्यावर काडतुसांची सहाही घरं नळीच्या रेषेत येतीलच असं नाही. एखादं घर केसभर डावीकडे उभं राहतं. गोळी त्या घरातून नळीत शिरताना एका बाजूने घासते, शिसं खरवडलं जातं आणि नेम पसरतो. कस्टम कारागीर यावर सरळ, पण वेळखाऊ उपाय करतो. तो कोरा सिलिंडर आधी फ्रेममध्ये बसवतो, खिळ्याने कुलूपबंद करतो आणि नळीच्याच भोकातून हत्यार घालून एकेक घर जागच्या जागी कोरतो. मग घराची रेषा आणि नळीची रेषा वेगळ्या राहतच नाहीत. सिलिंडर आणि नळी यांच्यात इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात दोन-तीन भाग फट ठेवायची. कमी ठेवली तर तापल्यावर सिलिंडर अडकतो, जास्त ठेवली तर वायू वाया जातो. टूलरूममध्ये आम्ही याला काम म्हणत असू. इथे त्याला कला म्हणतात आणि बिलही तसंच येतं.

माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाऐवजी पाचच घरं आहेत. लोकांना हे उणं वाटतं. पण कुलपाचा खिळा सिलिंडरला खालून धरतो. सहा घरांमध्ये एक घर वर नळीसमोर असलं, की दुसरं बरोबर तळाला येतं. म्हणजे खिळ्याची खाच नेमकी घराच्या पातळ भिंतीत पडते. दाब वाढवला तर फुटण्याची पहिली जागा तीच. पाच घरं केली की तळाला दोन घरांमधला जाड भाग येतो आणि खाच भरीव पोलादात पडते. जॉन लाइनबॉ या कारागिरानं इथे वायोमिंगमध्ये ऐंशीच्या दशकात रुगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेममध्ये असे पाच घरांचे सिलिंडर बसवून अर्धा इंच जाडीची गोळी उडवणारी रिव्हॉल्व्हरं केली. त्याच्या .५०० लाइनबॉचं काडतूस मुळात जुन्या .३४८ विंचेस्टर रायफलच्या काडतुसाचं कवच कापून तयार झालं. कळफलकासमोर बसून हे सुचत नाही. त्यासाठी माणूस लेथसमोर उभा असावा लागतो.

या कामाला परंपराही मोठी. आयडाहोचा काउबॉय लेखक एल्मर कीथ १९२९ साली ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात आपल्या ‘नंबर फाइव्ह’ रिव्हॉल्व्हरबद्दल लिहून गेला, आणि आजचे कारागीर अजून त्याच्याच मुठीच्या, दृष्टिपट्टीच्या नकला करतात. ते हत्यार त्याने एकट्याने घडवलेलं नव्हतं. कल्पना हॅरल्ड क्रॉफ्ट या शौकिनाच्याही होत्या आणि काम अनेक हातांतून गेलं होतं. नाव मात्र कीथचं झालं, कारण लेख त्याने लिहिला! लेखक लोकांचं हे जुनंच आहे.

जुन्या कोल्टचा घोडा ओढताना चार टिका ऐकू येतात. शौकीन त्या ऐकूनच वेळ जुळली आहे का ते सांगतात: चौथ्या टिकेला घोडा अडकतो त्याच क्षणी खिळा खाचेत बसला पाहिजे. आधीच सुटून सिलिंडरवर टेकला तर सिलिंडरभोवती चकचकीत कडं घासलं जातं. नवख्या मालकाची ओळख पटवायला मी ते कडं बघतो. अर्ध्या टप्प्यावरून घोडा तसाच सोडून देण्याची खोड असली, की कडं पडलंच म्हणून समजा. रुगरने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांची आतली रचना बदलली. चाप दाबल्याशिवाय घोड्याचा घाव पुढे पोचतच नाही, त्यामुळे घोड्याखालचं घर रिकामं ठेवण्याची जुनी खबरदारी गेली. हौशी मंडळी अजून जुन्या चार टिकांसाठी हळहळतात. मी हळहळत नाही. कान सुखावण्यासाठी पायात गोळी घेण्याची माझी तयारी नाही.

खंडेनवमीला मी मायक्रोमीटर, कानशी आणि हे रिव्हॉल्व्हर एकाच पाटावर मांडतो. बायको पहिल्या वर्षी कुरकुरली होती, आता झेंडू तीच आणते. मूठ मेंढ्याच्या शिंगाची असावी की मॅमथच्या दातांची, यावर इथल्या क्लबात तासन्‌तास वाद चालतो. मी तेवढ्यात चहा घेऊन येतो.

असं रिव्हॉल्व्हर करून घ्यायचं कुणाच्या मनात असेल, आणि तिथला कायदा परवानगी देत असेल, तर कारागिराला आधी सिलिंडर, खिळा आणि सिलिंडर जिच्यावर फिरतो ती मधली दांडी एवढंच करायला सांगा. त्यावर वर्षभर नेम धरा. नक्षी, रंग आणि मूठ यांचे पैसे उरले तर नंतर बघता येतील, आणि न उरले तरी गोळी तिथेच लागेल.