आरसा

आमच्या ओटीवरचा आरसा आम्ही एके दिवशी उतरवून माळ्यावर टाकला. रोजची कटकट मिटली, असे वाटले. परंतु आमचा मुलगा कपाटाच्या काचेत, स्टीलच्या ताटात, लोकलच्या खिडकीत आपला चेहरा पाहू लागला. दुखणे आरशात नाही, हे आम्हां उभयतांना कळायला पुढे दोन वर्षे लागली.

तेव्हा तो १९ वर्षांचा होता. गालावर मुरुमांचे दोन-तीन फिकट वण होते. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ते दिसतही नसत. त्याला मात्र सारा चेहरा खड्ड्यांनी भरलेला दिसे. कॉलेजला निघण्यापूर्वी तो तासभर आरशासमोर उभा असे. हळूहळू लग्नकार्याला येणे त्याने सोडले. रविवारी मिस्सेला आला, तरी खांबाआड उभा राही आणि अखेरचा आशीर्वाद होण्यापूर्वीच बाहेर पडे. आम्ही त्याची प्रथम समजूत घातली, मग रागावलो. "देवाने दिलेल्या रूपाला नावे ठेवणे हा गर्व आहे," असेही एकदा बोलून गेलो. त्या वाक्याचा सल अजून गेलेला नाही.

अखेर त्याच्या हट्टापायी त्वचेच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागलो. एका ठिकाणी औषध लावून वरची कातडी सोलण्याचे उपचार झाले, दुसरीकडे लेसर झाले. घरातली एक पाटली मोडली. वण पुसट झालेले आम्हांला दिसत होते. त्याला मात्र आता त्याच जागा काळवंडलेल्या दिसू लागल्या.

तिसऱ्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी कोणत्याही यंत्राला हात लावला नाही. त्यांनी त्याला विचारले, "दिवसातून किती वेळ हा विचार मनात असतो?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नसतो केव्हा, ते विचारा." आम्ही शेजारीच बसलो होतो. हा साधा प्रश्न आम्ही त्याला कधी विचारलाच नव्हता. "पैसे घेऊन मी लेसर करीन, पण ह्याचे समाधान होणार नाही," असे सांगून बाईंनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

ह्या विकाराला 'बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर' म्हणतात. इटलीतील डॉक्टर मोर्सेल्ली ह्यांनी १८९१ साली त्याचे वर्णन केले होते. आज तो मंत्रचळाच्या जातीचा विकार मानला जातो. शंभरांत सुमारे दोघांना तो असतो. सौंदर्योपचारांसाठी त्वचातज्ज्ञांकडे येणाऱ्यांत मात्र साधारण दहांत एकाला, कुठे त्याहूनही अधिक. बहुधा तो किशोरवयात सुरू होतो आणि मुलींप्रमाणे मुलांनाही होतो. त्वचेवरील उपचारांनी तो सहसा बरा होत नाही. काहींच्या मनात तर जीव देण्याचे विचार येतात. हे ऐकले तेव्हा, आपण किती काळ नुसते रागावत बसलो, ह्या जाणिवेने आम्ही हादरलो.

गोळ्या सुरू झाल्या. गुण दिसायला तीन महिने गेले. जोडीला दर आठवड्याला समुपदेशन होते. आरशात पाहण्याची ओढ थोडी थोडी लांबवायची, चेहरा न झाकता चारचौघांत जायचे, असा अभ्यास त्याला दिला जाई. आम्हांलाही एक धडा होता. "माझा चेहरा बरा दिसतो ना?" ह्या प्रश्नाला पुन्हा पुन्हा "हो" म्हणायचे नाही, कारण तो दिलासा क्षणभर टिकतो आणि प्रश्नाची भूक वाढवतो. आईबापांना ह्याहून कठीण अभ्यास नसेल.

हे सारे लिहिण्याचे कारण एवढेच की, असे एखादे लेकरू आपल्याही घरात खांबाआड उभे असेल. त्याला गर्विष्ठ म्हणू नये आणि क्रीमच्या डब्या आणून देऊ नयेत. 'टेली-मानस'च्या १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो.

आरसा आता पुन्हा ओटीवर आहे. मुलगा अजूनही त्याच्यासमोर कधीकधी जरा अधिक रेंगाळतो. आम्ही काही बोलत नाही. चहा झाला आहे, एवढेच सांगतो. आणि तो येतो.