शिंपल्याच्या रंगाचे ढग

अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर एप्रिलच्या अखेरीस मावळलेला सूर्य थेट ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उगवतो. एरेबस हा जागृत ज्वालामुखी याच बेटावर आहे. इथली चार महिन्यांची रात्र संपत आली, की कधी कधी आकाशात एक अद्‍भुत दृश्य दिसतं. सूर्य अजून क्षितिजाखालीच असतो, पण खूप उंचावरचे ढग गुलाबी, हिरवे, निळे चमकू लागतात, अगदी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे.

आपले पावसाळी ढग सहसा फार तर 15-16 किलोमीटर उंची गाठतात. हे ढग मात्र 15 ते 25 किलोमीटरवर, म्हणजे ओझोनच्या थरातच तयार होतात. त्यासाठी उणे 78 अंशांखालची थंडी लागते.

1911 मध्ये कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले डॉक्टर एडवर्ड विल्सन यांनी या बेटावरून असे ढग जलरंगात रंगवले. तेव्हा ते निरुपद्रवी होते. पुढे आपले फ्रिज, एसी आणि स्प्रेचे डबे यांतून निसटलेले सीएफसी वायू हळूहळू वर पोहोचले आणि त्यांच्यातलं क्लोरीन तिथे साठत गेलं. एरवी ते इतर संयुगांत अडकून शांत असतं. पण या ढगांच्या कणांवर रासायनिक क्रिया होऊन ते मोकळं होतं. वसंतातलं पहिलं ऊन पडलं, की क्लोरीनचा एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. त्यामुळे ओझोनचं छिद्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत मोठं असतं.

हे छिद्र 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलं. ढगांचा हात त्यामागे असावा, असं अमेरिकेच्या सुझन सॉलोमन यांनी मांडलं. पुरावा शोधायला त्या 1986 मध्ये याच बेटावरच्या मॅकमर्डो तळावर आल्या. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या पथकाने चंद्राच्या उजेडातही मोजमापं घेतली. क्लोरीनचं एक संयुग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं.

16 सप्टेंबर 1987 रोजी मॉन्ट्रियल करार झाला आणि सीएफसी टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारतही 1992 मध्ये करारात सामील झाला. आपल्या मैत्री तळावरूनही फुगे सोडून ओझोन मोजला गेला आहे.

ढग आजही तसेच येतात, क्लोरीन मात्र कमी होतंय. करार पाळला गेला, तर 2066 च्या सुमारास अंटार्क्टिकावरचा ओझोन 1980 च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. आज शाळेत असलेली तुमची मुलं तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील.