दोन मिनिटांची आघाडी

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सर्वाधिक गोल कुणी केले हे पाहायला गेलं की तीन नावं बरोबरीनं येतात. बल्गेरियाचा दिमितार मिलानोव, युगोस्लाव्हियाचा तोडोर व्हेसेलिनोविच आणि आपला नेव्हिल डिसोझा. प्रत्येकी चार गोल. एका रात्री मोबाइलवर ही यादी पाहताना मी तिसऱ्या नावापाशी अडकलो.

1 डिसेंबर 1956. उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आधीच्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यामुळे भारताचा हा पहिलाच सामना. भारत 4–2 नं जिंकला आणि त्यातले तीन गोल चोवीस वर्षांच्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चेंडू खेळवत चारजणांना चकवणारे खेळाडू सगळ्यांना आवडतात. माझा जीव मात्र सेंटर फॉरवर्डवर. चेंडू कुठं पडणार हे आधी ओळखून तिथं जाऊन उभं राहणं मला मोठी विद्या वाटते.

ही तारीख मला आणखी एका कारणानं जवळची आहे. बरोबर महिनाभर आधी, 1 नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाड्याबरोबर आमचं गोरेगाव द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो 1999 चा, आम्ही परभणीचे. मेलबर्नच्या त्या भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर. नेव्हिल गोव्याचा, खेळायचा मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्सकडून. त्याचा गोवा तर अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. एक आमच्या जुन्या राजधानीचा, एक नव्या राजधानीचा. गावात ही गोष्ट तेव्हा कुणाच्या कानावरही आली नसेल, पण मी दोघांवर हक्क सांगतो.

आमच्या भागात फुटबॉल नाही. शूटिंग बॉल आहे. हळद निघून वावरं मोकळी झाली की गावोगाव स्पर्धा लागायच्या. फक्कीनं आखलेलं मैदान, बांबूला बांधलेले हॅलोजन, कर्ण्यावरून रात्रभर चाललेलं समालोचन. शेजारच्या गावचा एक शूटर होता. उंच, सडपातळ, हाताची हाडं लांब. एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी. त्याला घेण्यासाठी संघांत चढाओढ लागायची. कुणी जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, कुणी वर शंभराची नोट. एका वर्षी आमच्या गावाचा अंतिम सामना होता आणि तो येईना. मालकानं सोडला नव्हता. उचल फिटायची होती आणि त्या आठवड्यात लाइट रात्रीची असल्यानं दारं धरायचं होतं. कर्ण्यावरून त्याचं नाव तीनतीनदा पुकारलं जात होतं. शेवटी आमच्या गावातली दोन पोरं मोटारसायकलवर गेली. एकानं तिथंच पँट दुमडून त्याच्याऐवजी फावडं हातात घेतलं आणि दुसरा त्याला मागं बसवून घेऊन आला. पोटऱ्यांपर्यंत चिखल तसाच. पाय धुवायला कुणी घागर आणली तर तो नको म्हणाला आणि थेट मैदानात उतरला. त्या रात्री त्यानं मारलेले चेंडू समोरच्यांना दिसत नव्हते. गाव जिंकलं. शिल्ड कुणाच्या तरी माडीवर गेली आणि तो उजाडायच्या आत वावरात परत गेला, कारण पाळी अजून संपली नव्हती. पुढं त्याचा खांदा गेला. मग तो ऊसतोडीला जायला लागला.

खेळाडूचं पोट कुणाच्या हाती असतं, हे मला त्या माणसानं शिकवलं. नेव्हिलच्या काळी मुंबईत खेळाडूला पोसणारे संघ कंपन्यांचेच होते.

4 डिसेंबर, उपांत्य सामना. समोर युगोस्लाव्हिया. याच युगोस्लाव्हियानं हेलसिंकीत 1952 साली आपल्याला 10–1 असं चिरडलं होतं. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळले होते; त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आणि इथं 52 व्या मिनिटाला नेव्हिलनं पहिला गोल केला. भारत पुढं! दोन मिनिटांनी बरोबरी झाली, मग आणखी तीन गोल बसले. 4–1. कांस्यपदकासाठी बल्गेरियाशीही 3–0 अशी हार. चौथा क्रमांक, आणि त्याच्या वर भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये कधी गेला नाही. पण ती दोन मिनिटं मला पदकाइतकी वाटतात. बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत रशिया आणि आपण, एवढेच चौघे उरले होते, आणि त्यातल्या एका उपांत्य सामन्यात आपण पुढं होतो.

1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हता. 1962 ला जकार्तात रहीमसाहेबांच्या संघानं आशियाई सुवर्ण जिंकलं, त्यातही नव्हता. 1961 ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि फुटबॉलचा पहिला मान मेलबर्नमधलाच त्याचा सोबती पी. के. बॅनर्जी याला मिळाला, तो योग्यच. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. 1980 साली, पन्नाशीच्या आतच तो गेला. ही हेळसांड होती आणि तिला दुसरं नाव देता येत नाही.

मुंबईत वांद्र्याला आता एका फुटबॉल मैदानाला त्याचं नाव आहे. त्या बाजूला गेलात तर थोडा वेळ काढा, पोरांचा सामना चालू असेल तर थांबून पाहा, आणि मैदानाला नाव कुणाचं आहे हे त्यातल्या एकाला तरी सांगा.